डाव्या बाजूचा हत्ती

द्वारका, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

ती. मालिनीआत्यास,
तेजलचा सा. न. वि. वि.

घशाला थंडी बाधत नाही ना? इथे सकाळी चांगलंच गारठतं, म्हणजे चांदवडला त्याहून जास्त असणार. मफलर सोडू नकोस आणि फोनच्या नादी लागू नकोस. ऑपरेशननंतरचा तुझा आवाज फोनवर ऐकला की मलाच बोलणं सुचत नाही. तू म्हणतेस तसं आपलं पत्रांचंच बरं. तुझ्या शेजारचा किशोरदादा रोज सकाळच्या एस.टी.नं नोकरीला येतो आणि इथे द्वारकेच्या चौकात उतरतो, त्यामुळे त्याच्या हातचं पत्र पोस्टाच्या आधी पोचतं.

आता मुख्य बातमी. बुद्धिबळाच्या जिल्हा निवड स्पर्धेच्या सहा फेऱ्या आज संपल्या. पहिले चौघे राज्य स्पर्धेला जाणार. तीन नावं ठरल्यात जमा आहेत, चौथं शेवटच्या फेरीत ठरेल. ती फेरी उद्याच व्हायची, पण तुळशीचं लग्न होऊन गेलंय आणि आम्ही खेळतो त्या मंगल कार्यालयाला आता रविवारपर्यंत एक दिवस मोकळा नाही. उद्या तिथे कुणाचं तरी लग्न आहे. म्हणून सातवी फेरी पुढच्या रविवारी ठेवली. जोड्या मात्र आजच लागल्या.

मी भिंतीवरचा कागद वाचला, पुन्हा वाचला, मग शेजारच्या मुलीला वाचायला सांगितला. चौथा पट. पांढरी मोहरी तेजल दंडगव्हाळ, काळी मोहरी गंगाधर दंडगव्हाळ. मागून कुणीतरी हसून म्हणालं की दंडगव्हाळांच्या घरी एक जागा नक्की झाली. तसंही नाहीये. दोघांपैकी जो जिंकेल तो जाईल, पण बरोबरी झाली तर निफाडचा रय्यान आमच्या दोघांच्या पुढे निघून जातो.

बाबा कागदाजवळ आले, मान वळवून वळवून बराच वेळ वाचत राहिले आणि माझ्याकडे न बघता गेले. दोन वर्षांत त्यांचं हेच आहे. मीही हाक मारली नाही. त्यांनी तेव्हा चारचौघांत म्हटलं होतं की माझा स्वतःचा असा खेळच नाही, नियाज सरांनी पाठ करून दिलेलं मी पटावर ओकते. मीही म्हटलं होतं की तीस वर्षं एकाच फ्रेंच बचावाच्या आड लपून बसणाऱ्यानं दुसऱ्याला खेळ शिकवू नये. त्याच आठवड्यात मी ही खोली घेतली. तुला सगळं माहीत आहे, पुन्हा का लिहितेय कोण जाणे.

ते रविवारी फ्रेंचच खेळणार. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की ते त्यांचं एक घर टाकणार, मग पटाचा मध्य कुलूप घातल्यासारखा बंद करणार आणि माझा दम संपायची वाट बघणार. नियाज सर म्हणतात की त्यावर उत्तर तयार आहे, आठवडाभर त्याचाच सराव करू.

मला हा डाव जिंकायचाय, आत्या. आणि हा डाव होऊच नये असंही वाटतंय. यातलं खरं कोणतं ते तूच सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
तेजल


चांदवड
१८ नोव्हेंबर २०२५

चि. तेजलला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी मफलर घालते आणि वर आल्याचा काढाही घेते, तेव्हा काळजी नको. फोनवर माझा आवाज रॉकेल संपत आलेल्या स्टोव्हसारखा येतो हे मला ठाऊक आहे, तू सभ्यपणे लिहिलंस एवढंच. इथे लाल कांदा बाजारात यायला लागलाय आणि सगळ्या गल्लीला त्याचा वास आहे. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी साडेदहा वाजले की पाय आपोआप चपला शोधतात.

दोन्हींतलं खरं कोणतं म्हणून विचारतेस. दोन्ही खरी. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तुझा बाप शाळकरी होता. आम्ही पोस्टकार्डावर डाव खेळायचो, एका कार्डावर एक चाल. एक डाव पावणेदोन वर्षं चालला. तो जिंकला तेव्हा शेवटच्या कार्डावर त्यानं चाल लिहिली आणि खाली लिहिलं की अक्का, रागावू नकोस. मी रागावले होते. कार्ड अजून आठवतं, म्हणजे राग पुरेसा होता. तरी त्यानं मला जिंकू दिलं असतं तर मी त्याच्याशी पुन्हा खेळले नसते.

तेव्हा खेळ. नियाजचा सराव कर. जेवण वेळेवर घे, कारखान्यातल्या चहाबिस्किटांवर दिवस काढू नकोस. आणि जमलं तर या आठवड्यात नाशिकरोडला घरी जाऊन आईला भेट. बाबाशी बोलायला नको, पण आईकडे जाऊन ये. ललितानं तुझ्या नावानं लिंबाचं लोणचं घालून ठेवलंय.

तुझ्या बाबाविषयी मी जास्त लिहीत नाही. त्याला तुझ्या तोंडून ऐकायचं असेल ते तो विचारेल, सांगायचं असेल ते तो सांगेल. मधल्या माणसानं किती बोलावं याला मर्यादा असते, आणि मला तर आता आवाजही कमी आहे.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझी,
मालिनीआत्या


नाशिकरोड
१८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
गंगाधरचा कृ. सा. न. वि. वि.

तेजलचं पत्र तुला पोचलं असेलच. जोडी कळली असेल. म्हणून हे लिहितो आहे.

डॉक्टरांकडे गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. काचबिंदू उन्हाळ्यात होता त्याहून पुढे गेला आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, असं ते म्हणतात. थेंब वाढवले आहेत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सुचवलं आहे. समोरचं मला स्वच्छ दिसतं. वर्तमानपत्र वाचतो, कचेरीतल्या फायली वाचतो. कडेचं जातं. डावीकडचं जास्त. स्कूटर विकली तेव्हा मी कचेरीत सांगितलं की चालणं तब्येतीला चांगलं. लोकांनी कौतुक केलं.

पटावर बसलो की मधली घरं दिसतात, कडेची मान वळवल्याशिवाय दिसत नाहीत. प्रत्येक चालीला मी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघून घेतो. एका पंचांनी मला विचारलं की मानेला पट्टा का लावत नाही. चौथ्या फेरीत माझ्या डाव्या कोपऱ्यातला उंट एका चालीपुरता माझ्यासाठी नव्हताच. समोरचा मुलगा नवखा होता म्हणून वाचलो.

ही माझी शेवटची निवड स्पर्धा असं धरून चाललो आहे. बाविसाव्या वर्षापासून मी राज्य स्पर्धेच्या दाराशी जाऊन परत आलो आहे, कधी अर्ध्या गुणानं, कधी स्वतःच्या मूर्खपणानं. यंदा दार उघडं दिसतंय आणि दारात पोरगी बसली आहे.

ललिताचं म्हणणं, तेजलला खरं सांगा, ती समजून घेईल. समजून घेईल म्हणजे काय करील हे ललिताला कळत नाही. ती मला जिंकू देईल. तो विजय घेऊन मी कुठे जाऊ? आणि नाही दिला, तर आजारी बापाला हरवलं हे ती जन्मभर उरावर घेऊन फिरेल. तिला काही कळता कामा नये. तू तोंड उघडणार नाहीस हे मला लिहून कळव. मी फ्रेंच खेळणार. तेवढ्या एका बचावात कोणतं मोहरं कुठे असतं हे मला डोळे मिटूनही ठाऊक आहे.

तिचे या खेपेचे डाव मी लांबून पाहिले. पाचव्या फेरीतला फार सुंदर होता. हेही तिला सांगायचं नाही.

तुझा,
गंगाधर


चांदवड
१९ नोव्हेंबर २०२५

चि. गंगाधर यास आशीर्वाद.

लिहून कळवते. मी तेजलला काही सांगणार नाही. कालच तिला पत्र गेलं, त्यात एक अक्षर नाही. ते लिहिताना मला काय वाटलं असेल याचा विचार तू केला नसशील, म्हणून तोही कळवते. पोरगी माझ्याकडे खरं काय ते विचारते आणि मी तिला जुन्या पोस्टकार्डाच्या गोष्टी सांगते.

तू तिला कळू द्यायचं नाही म्हणतोस, ते तिच्या भल्यासाठी असेल, अर्धं. उरलेलं अर्धं तुझ्या ताठ्यासाठी आहे. तुला दिसत नाही हे तिला दिसू नये. दोन वर्षं तू तिच्याशी बोलला नाहीस ते तिच्या शब्दांमुळे, असं तू म्हणतोस. पण उन्हाळ्यापासून तरी त्याचं कारण डोळे आहेत. जवळ आली तर ओळखेल, याची तुला भीती आहे. मी मास्तरीण होते, बहाणे मला अक्षरावरून कळतात.

डाव खेळ. खेळू नकोस असं मी कुणालाही म्हणणार नाही. पण डाव झाला की त्याच दिवशी, हार असो की जीत, तिला तू स्वतः सांगायचंस. नाहीतर सोमवारी मी माझ्या या फाटक्या आवाजात फोन करीन. आणि ऑपरेशनची तारीख घे. थेंब वेळेवर घाल. ललितावर चिडू नकोस, सहा महिने हे ओझं तिनं एकटीनं सांभाळलंय.

तुझी,
अक्का


द्वारका, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी आई इथे आली. हातात डबा होता, लोणच्याची बरणी होती. खोलीत बसली, पंखा नको म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. तुलाही माहीत होतं असं म्हणाली. तुझं अठराचं पत्र मी पुन्हा वाचलं. मर्यादा, आवाज कमी, ते सगळं. मी तुझ्यावर रागावले आहे हे आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल.

आई म्हणाली, त्यांना पुन्हा ही संधी नाही, तुला पुढे वीस वर्षं आहेत. एक डाव सोडला तर तुझं काय जातं? मी म्हटलं, त्यांना कळेल. आई म्हणाली की नाही कळणार, तू हुशार आहेस, कळणार नाही असं हर. मग ती रडली आणि मला तिच्यावर ओरडताही येईना. जाताना म्हणाली की मी आले होते हे बाबांना सांगू नकोस. आपल्या घरात कोण कुणाला काय सांगायचं नाही याचा आता हिशेबच लागत नाही.

पण खरी अडचण आईलाही कळलेली नाही, ती तुला कळेल. तू पट जाणतेस. नियाज सरांनी फ्रेंचवर जे उत्तर काढलंय ते असं आहे. सहा चाली दोघांच्याही ठरलेल्या. सातव्या चालीला मी माझ्या राजाच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं, मग ते आणखी पुढे, मग त्याच्यामागून हत्ती वर काढायचा. सगळा हल्ला त्या एका कडेच्या पट्टीवरून. बाबा समोर बसणार, म्हणजे ती पट्टी त्यांच्या डावीकडे येते. त्यांना जिथे दिसत नाही नेमकं तिथे.

सरांना मी काही सांगितलं नाही. आज सकाळी सरावाला बसले, तेच प्यादं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. सर म्हणाले की काय झालं, प्यादं का ठेवलंस. मी म्हटलं, बोटं गारठलीत.

ही चाल मी पंधरा दिवसांपूर्वी खेळले असते तर ती चांगली चाल होती. आता खेळले तर ती काय आहे? आणि नाही खेळले तर मी काय आहे? मुद्दाम हरायचं मला जमणार नाही, ते मी करणार नाही हे नक्की. पण याशिवायचं काहीच नक्की नाही. उद्या किशोरदादा अर्धा दिवस येणार आहे. काहीतरी लिही. रागावलेय तरी लिही.

तेजल


चांदवड
२२ नोव्हेंबर २०२५, सकाळ

चि. तेजलला आशीर्वाद.

किशोर दारात उभा आहे, एस.टी. चुकेल म्हणून घाई करतोय. तुझा राग पोचला. तो रास्त आहे. मी त्याला शब्द दिला होता, आणि तो पाळताना तुझ्याशी खोटं वागले.

काय करावंस हे मी सांगू शकत नाही. रात्रीपासून मनात तीन उत्तरं जुळवली आणि तिन्ही मला पटली नाहीत. म्हणून फक्त माझं एक सांगते.

ऑपरेशन झाल्यावर लोक माझी वाक्यं पुरी करायला लागले. मी ‘मला...’ एवढंच म्हटलं की कुणी पाण्याचा पेला आणून देई, कुणी गोळी. मला पाणी नको असायचं. मला म्हणायचं असायचं की मला आज रेणुकेच्या डोंगराकडे फिरायला जायचंय. सगळी चांगली माणसं होती. त्यांच्या चांगुलपणात मी जितकी मुकी झाले तितकी ऑपरेशननं झाले नव्हते. एकटी झुंबरबाई भाजीवाली. ती जुडी हातात धरून माझं वाक्य संपेपर्यंत थांबते, आणि मग पहिल्यासारखी भावावरून भांडते. मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं तिच्याकडे जाते.

यातून तुला काही मिळालं तर घे. नाहीतर सोडून दे. उद्या तुला जे सुचेल ते तुझं, त्यावर मी कधी बोट ठेवणार नाही.

तुझी,
आत्या


द्वारका, नाशिक
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डाव संपला. जसा झाला तसा क्रमानं लिहिते, कारण शेवट आधी लिहिला तर बाकीचं लिहवणार नाही.

बाबा वेळेच्या आधी येऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी बसले, हात पुढे केला, त्यांनी तो घेतला. तो घ्यायला त्यांना आधी मान खाली वळवावी लागली. आधी कितीदा तरी मी हे पाहिलं होतं आणि मला वाटायचं की ते तुच्छतेनं नजर चुकवतात.

मी प्यादं टाकलं, त्यांनी फ्रेंच. पहिल्या सहा चाली दोघांनीही झरझर केल्या. सातव्या चालीला मी थांबले. कडेच्या प्याद्याकडे बघितलं. तुझं पत्र खिशात होतं, सगळं कळलं होतं, आणि तरीही, आत्या, मी घोडा काढला. साधा, सभ्य घोडा, एफ-थ्रीवर. खेळायला ती चाल वाईट नाही, कुणीही खेळतं. पण मी ती का खेळले हे मला माहीत होतं.

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ. नियाज सरांचे विद्यार्थी इथे काय खेळतात हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मला वाटतं त्यांना त्याच क्षणी कळलं.

त्यानंतर ते असे खेळले की विचारू नकोस. त्यांच्या उजव्या बाजूनं, म्हणजे माझ्या वजिराकडच्या अंगानं, त्यांनी मला इंचाइंचानं मागे रेटलं. एक प्यादं गेलं. दुसरं जाणार हे दिसत होतं. मी दया करायला बसले होते आणि दोन तासांत माझीच दया यायची वेळ आली. दुसरीकडे कुठे हलायला जागा उरली नाही तेव्हा मी कडेचं प्यादं पुढे लोटलं. ते नाइलाजानं होतं, डावपेच म्हणून नाही. तिथे मारामारी झाली, दोघांचीही प्यादी गेली आणि ती पट्टी वरपासून खालपर्यंत मोकळी झाली. तिच्या टोकाला माझा हत्ती. पहिल्या चालीपासून जागचा न हललेला.

त्यांनी एक शांत चाल करून राजा एक घर सरकवला असता तर मी हरले होते. त्यांनी मान उजवीकडे वळवली, वजिरानं माझं दुसरं प्यादं मारलं आणि घड्याळ दाबलं.

मला ते लगेच दिसलं. हत्ती पट्टीच्या दुसऱ्या टोकाला थेट त्यांच्या कोपऱ्यात टाकायचा, शह. राजाला तो मारावाच लागतो. मग वजीर शह देत येतो आणि पुढच्या चालीला मात. मी चार-पाच वेळा तपासलं. चूक नव्हती. मग मी हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले. लांबून नियाज सर बघत होते. रय्यान आपला डाव संपवून आमच्या पटाशी येऊन उभा होता, बरोबरी झाली तर जागा त्याची. मला बरोबरी मागता आली असती. बाबांनी कदाचित दिली नसती. माझं घड्याळ चालत होतं आणि मी त्यांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होते.

बाबा उठले. पाणी प्यायले. परत आले ते बसले नाहीत, खुर्चीच्या मागे उभे राहिले आणि वरून पटाकडे बघितलं. त्यांचा चेहरा बदलला, म्हणजे काही हललं नाही, फक्त सगळं थांबलं. मग ते बसले. पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. डाव चालू असताना ते कधी असं करत नाहीत हे मी लहानपणापासून बघत आलेय. चाल लिहिण्यासारखं पुढे काही नाही, हे ते मला सांगत होते.

मी हत्ती टाकला. त्यांनी राजा आडवा ठेवला आणि हात पुढे केला.

पहिलं वाक्य काय बोलले असतील? म्हणाले, सातव्या चालीला घोडा का काढलास, कडेचं प्यादं का नाही टाकलंस, त्या घोड्यानं तू डाव जवळजवळ घालवला होतास. दोन वर्षांनी हे. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांमुळे. त्यांनी आडवा राजा उचलून पेटीत ठेवला. मग म्हणाले की म्हणजे ललिता येऊन गेली तर. मग हळू आवाजात म्हणाले, पुन्हा असं कुणासाठीही करू नकोस. बाहेर आई उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, तिनं आमच्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला अजून कळलेलं नाही, कशासाठी.

मी राज्य स्पर्धेला जातेय. सगळे अभिनंदन करतायत. पण मला एकच विचारायचंय आणि त्यांना विचारायची हिंमत नाही. त्यांना तो हत्ती दिसला नाही म्हणून त्यांनी ते प्यादं मारलं का? तसं असेल तर मी बाबांना हरवलेलं नाही. त्यांच्या काचबिंदूला हरवलं. तुला काही माहीत असेल तर या वेळी लपवू नकोस.

राग गेलाय. लोभ होताच.
तुझी,
तेजल


नाशिकरोड
७ डिसेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
गंगाधरचा कृ. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. तेजलनं कारखान्यातून रजा घेतली आहे, मी नको म्हटलं तरी. ती डॉक्टरांना इतके प्रश्न विचारते की ते आता मला टाळून तिच्याशीच बोलतात.

ती डावाच्या दुसऱ्या दिवशी घरी जेवायला आली. खोली सोडणार नाही म्हणाली आणि मीही आग्रह केला नाही. आता एक दिवसाआड येते. आम्ही पट मांडतो. सांगलीच्या राज्य स्पर्धेला अजून महिना आहे, काळ्या मोहऱ्यांनी तिच्याकडे भरवशाचा बचाव नाही. मी फ्रेंच सुचवला. तिनं असा चेहरा केला की ललिता हसायला लागली. नियाजही एकदा येऊन बसला. पूर्वी माझ्याकडे शिकलेला पोरगा, आता मला दुरुस्त करतो. तो चुकतो असं मात्र म्हणता येत नाही. पंचांना मी डोळ्यांचं लेखी कळवलं. पुढच्या खेपेपासून उजेडाखालची जागा देऊ म्हणाले. म्हणजे पुढची खेप आहे असं मी धरलं, शेवटची म्हणत होतो ते मागे घेतो.

पराभवाचं म्हणशील तर पहिले चार दिवस वाईट गेले. कचेरीतून येताना स्टेशनाजवळच्या बाकावर बसून राहायचो. दार उघडं होतं, अक्का. एक चाल लांब होतं. ते खोटं कशाला सांगू.

तू विचारलंस की हत्तीबद्दल तेजलला खरं काय ते सांगितलं का. तुला आधी खरं सांगतो. मला तो दिसला नाही. तो तिथे आहे हे ठाऊक होतं, पहिल्या चालीपासून तिथेच होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि नजरेला टोचणं वेगळं. पट्टी मोकळी झाली हे मी कागदावर लिहिलंसुद्धा, आणि मान उजवीकडे वळवली तशी ती बाजू माझ्यापुरती पुसली गेली. खुर्चीमागे उभा राहिलो तेव्हा कळलं. लांबून पाहिलं की माझ्या अरुंद नजरेतही सगळा पट मावतो. तेव्हा पोरीचे हात मांडीखाली होते. ती ते का दाबून बसली आहे हेही कळलं. पेन खिशात ठेवण्याखेरीज मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

तेजलला मात्र मी वेगळं सांगितलं. परवा पट मांडून तोच डाव पुन्हा खेळलो. ती जागा आली तेव्हा मी सहज म्हणालो की हत्तीची चाल मला दिसली होती, पण तुझा वजीर वेळेवर पोचणार नाही असा माझा हिशेब होता, तो चुकला. तू चांगली खेळलीस, मी चुकीचं मोजलं, एवढंच घडलं. उद्या सांगलीला एखादा डाव जिंकताना, समोरच्याचं काय दुखतंय हे बघत ती बसायला नको. त्यासाठी एक खोटं मी पदरात घेतलं. तिनं तुला विचारलं तर तूही असंच सांग. पुन्हा तुला यात ओढतो आहे, माफ कर.

तिनं विश्वास ठेवला का, ते मला सांगता येणार नाही. ती माझ्या डाव्या हाताला बसली होती. मान डोलावली, असं ललिता म्हणाली. मला तेवढं बाजूचं दिसत नाही.

बुधवारी देवापाशी दिवा लाव. तब्येत जप, आणि आशीर्वाद पाठवत राहा.
तुझा,
गंगाधर